ब्रेक पायात की चिपमध्ये?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये हा वाद तुम्ही नक्की ऐकलेला असणार. कुणीतरी नवी बाइक घेऊन येतो, पुढच्या मडगार्डवर एबीएसचं स्टिकर चमकत असतं आणि लगेच दुसरा टोमणा मारतो, की ज्याला खरंच गाडी चालवता येते त्याला एबीएस लागतंच कशाला? मग अर्धा तास चर्चा. एक गट म्हणतो, एबीएस म्हणजे जीव वाचवणारी गोष्ट. दुसरा म्हणतो, ते शिकाऊ लोकांसाठी, आपला हात साफ आहे.

हा वाद फक्त पार्किंगपुरता नाही बरं का. फॉर्म्युला वनमध्ये तो इतका तापला, की १९९४च्या हंगामापासून तिथे एबीएसवर बंदीच आली आणि ती आजही कायम आहे. म्हणजे जगातल्या सर्वात वेगवान रेसिंग गाड्यांमध्ये जी गोष्ट नाही, ती तुमच्या दीडशे सीसीच्या बाइकमध्ये आहे! मग बरोबर कोण? रेसवाले की बाइक कंपन्या?

याचं उत्तर शोधायचं तर एका माणसाची गोष्ट माहीत हवी. आयर्टन सेन्ना. तो गेला १ मे १९९४ला, तेव्हा तुमचा-माझा जन्मही झाला नव्हता. तरी रेसिंगचं नाव निघालं की पिवळ्या हेल्मेटमधला हा ब्राझिलियन हमखास आठवला जातो. नेटफ्लिक्सवर २०२४ मध्ये त्याच्यावर मालिका आली, तीही तुमच्यापैकी काहींनी एका रात्रीत संपवली असेल. त्यात त्याची भांडणं आणि प्रेमप्रकरणं भरपूर आहेत. आपण मात्र आज त्याच्या पायाकडे बघूया. ब्रेकवरच्या पायाकडे.

पावसात एकटाच

२१ मार्च १९६० रोजी ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात त्याचा जन्म झाला. पूर्ण नाव आयर्टन सेन्ना दा सिल्वा. वडील मिल्टन उद्योजक, गाड्यांचे सुटे भाग बनवण्याचाही त्यांचा व्यवसाय होता. घरी पैशाची ददात नव्हती, काळजी होती ती मुलाची. लहानपणी त्याच्या हातापायांच्या हालचालींचा मेळ बसायचा नाही, असं घरचे सांगत. चार वर्षांचा असताना वडिलांनी त्याला एक छोटी कार्ट बनवून दिली. तिला गवत कापायच्या यंत्राचं इंजिन. त्या कार्टमध्ये बसलं, की हा धडपड्या पोरगा एकदम शांत आणि नेमका व्हायचा.

तेराव्या वर्षी इंटरलागोसच्या ट्रॅकवर तो पहिली कार्ट रेस धावला. पुढे पावसात झालेल्या एका रेसमध्ये त्याची पार वाट लागली. बाकीची मुलं भराभर पुढे निघून गेली. यानंतर त्याने जे केलं, ते आजही प्रत्येक रेसिंग शाळेत सांगतात. पाऊस आला, की बाकीचे घरी पळायचे आणि हा कार्ट घेऊन ट्रॅकवर जायचा. ओल्या रस्त्यावर टायर कुठपर्यंत धरतो, कुठे सोडतो, हे तो तासन्‌तास तपासत राहायचा. कार्टला ब्रेक असतो तो बहुतेक वेळा फक्त मागच्या चाकांना. जरा जास्त दाबला, की मागची चाकं जाम आणि कार्ट गर्रकन गोल. अशा किती गिरक्या त्याने खाल्ल्या असतील, कोण जाणे! पण त्यातूनच त्याच्या पायाला एक समज आली. १९७७ मध्ये तो दक्षिण अमेरिकेचा कार्ट विजेता झाला.

मध्येच थोडं विज्ञान

पुढे जाण्याआधी चाकाचं गणित समजून घेऊ, कारण सगळा वाद त्यातच आहे. आपल्याला वाटतं, ब्रेक जितका जोरात तितकी गाडी लवकर थांबणार. तसं नसतं. टायरची पकड सर्वात जास्त कधी असते? चाक फिरत असतं, पण गाडीच्या वेगापेक्षा किंचित हळू, तेव्हा. ब्रेक त्याहून जास्त दाबला, की चाक लॉक होतं आणि रबर रस्त्यावरून नुसतं घसरत जातं. गाडी थांबायला साधारणपणे जास्त अंतर लागतं आणि त्याहून वाईट म्हणजे स्टिअरिंग मेलेलं असतं. तुम्ही ते कितीही वळवा, गाडी सरळच जाणार. बाइकचं पुढचं चाक लॉक झालं, तर तुम्ही खाली.

कसलेला ड्रायव्हर ब्रेक नेमका त्या काठावर धरून ठेवतो. लॉक व्हायच्या केसभर अलीकडे. फॉर्म्युला वनमध्ये हे आणखी अवघड. तिथे वेगात असताना हवाच गाडीला खाली दाबत असते, त्यामुळे सुरुवातीला ब्रेक सगळी ताकद लावून दाबता येतो. वेग उतरला की हवेचा दाब कमी, पकड कमी. म्हणजे पायही त्याच हिशेबाने हळूहळू सैल सोडायचा. हे सगळं दोन-तीन सेकंदांत, प्रत्येक वळणाला, पन्नास-साठ किंवा त्याहून जास्त लॅप.

एबीएस हेच काम यंत्राकडे देतं. चाकाजवळचा सेन्सर वेग मोजत राहतो. चाक लॉक व्हायला लागलं, की कंट्रोल युनिट त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडतं, पुन्हा लावतं, पुन्हा सोडतं. सेकंदाला अनेक वेळा. ब्रेक लिव्हरवर किंवा पेडलवर जी थरथर जाणवते, ती हीच. आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, ती शेवटी लागणार आहे. ड्रायव्हर कितीही महान असला तरी त्याच्याकडे पेडल एकच असतं आणि चाकं चार. यंत्र प्रत्येक चाक वेगळं सांभाळू शकतं.

सगळ्यांची गाडी एकच

१९८१ मध्ये सेन्ना इंग्लंडला गेला आणि फॉर्म्युला फोर्डमध्ये जिंकू लागला. दा सिल्वा हे आडनाव ब्राझीलमध्ये गल्लोगल्ली सापडतं, म्हणून पुढे त्याने आईचं आडनाव लावलं, सेन्ना. १९८३ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये त्याने पहिल्या सलग नऊ रेस जिंकल्या. मग मार्टिन ब्रंडलने त्याला गाठलं, दोघांच्या धडका झाल्या आणि विजेतेपदाचा फैसला शेवटच्या रेसमध्ये लागला. जिंकला सेन्नाच.

१९८४ मध्ये टोलमन या छोट्या टीमकडून तो फॉर्म्युला वनमध्ये आला. त्याच वर्षी १२ मे रोजी जर्मनीत न्यूरबर्गरिंगच्या नव्या ट्रॅकचं उद्घाटन होतं. त्यासाठी मर्सिडीजने एक भन्नाट रेस ठेवली. सगळ्यांना सारखीच गाडी, १९०ई. ही तीच मर्सिडीज, जिने १९७८ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस प्रणाली आपल्या एस-क्लासमध्ये देऊन रस्त्यावरच्या गाड्यांचं चित्र बदललं होतं. रेसला जुने-नवे विश्वविजेते हजर. निकी लाउडा, अ‍ॅलन प्रोस्ट, जेम्स हंट, जॅक ब्रॅबहॅम, स्टर्लिंग मॉससारखा दिग्गज. आणि त्यात हा चोवीस वर्षांचा नवखा. जिंकला कोण? सेन्ना. दुसरा आला लाउडा, जो त्या वर्षी तिसऱ्यांदा विश्वविजेता झाला.

सेन्नासाठी ही नुसती प्रदर्शनीय रेस नव्हती. गाड्या सारख्या असल्या, की फरक माणसाचा उरतो, हे सिद्ध करायची ती संधी होती. पुढे दहा वर्षं तो याच मुद्द्यासाठी भांडत राहिला.

तीनच आठवड्यांनी मोनॅकोला धो धो पाऊस आला. टोलमनमध्ये बसून तो तेराव्या जागेवरून दुसऱ्या क्रमांकावर आला. पुढचा प्रोस्ट टप्प्यात आला होता, तेवढ्यात पावसामुळे रेस थांबवली. १९८५ मध्ये लोटसकडून खेळताना पोर्तुगालमध्ये एस्टोरिलला पुन्हा तसाच पाऊस. प्रोस्टसारख्याची गाडी सरळ रस्त्यावर गरकली. सेन्नाने मात्र रेस एका मिनिटाहून जास्त फरकाने जिंकली. दुसरा आलेला अल्बोरेटो सोडला, तर बाकी सगळे एक किंवा जास्त लॅप मागे. त्याचा फॉर्म्युला वनमधला हा पहिला विजय. गाडीत ना ट्रॅक्शन कंट्रोल, ना एबीएस. सगळा खेळ पायाचा.

यंत्राचा विरोधक? थांबा जरा

आता तुम्हाला वाटेल, सेन्ना म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा कट्टर वैरी. पण गोष्ट इतकी सरळ नाही. १९८७ मध्ये लोटसने गाडीत अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन बसवलं. खड्डा-उंचवटा आला की संगणकच गाडीची उंची सावरणार. या तंत्रावर फॉर्म्युला वनची पहिली रेस कुणी जिंकली? सेन्नाने, मोनॅकोत! म्हणजे ज्या यंत्रांवर त्याने पुढे टीका केली, त्यातल्या एकाचा पहिला विजेता तोच.

१९८८ मध्ये तो मॅक्लारेनमध्ये आला आणि प्रोस्ट त्याचा सहकारी झाला. त्या वर्षीच्या १६ पैकी १५ रेस मॅक्लारेनने जिंकल्या. आठ सेन्नाने, सात प्रोस्टने. विजेतेपद सेन्नाला. पण त्या वर्षातली सगळ्यात शिकण्यासारखी रेस तो हरला. पुन्हा मोनॅको. पात्रता फेरीत त्याने प्रोस्टला जवळपास दीड सेकंदाने मागे टाकलं. त्याच टीमच्या, तशाच गाडीत! रेसमध्येही तो जवळजवळ पन्नास सेकंदांनी पुढे होता. टीमने सांगितलं, आता सावकाश ये. त्याने वेग कमी केला, लय तुटली, लक्ष क्षणभर ढळलं आणि गाडी पोर्टिए वळणावर कठड्याला धडकली. तो पिटमध्ये परतलाच नाही, तडक जवळच्या आपल्या घरी गेला.

नीट बघा, इथे कौशल्य कमी पडलेलं नाही. तेच हात, तेच पाय, काही मिनिटांपूर्वी जगात सगळ्यात भारी होते. कमी पडलं ते लक्ष. माणूस चोवीस तास स्वतःच्या सर्वोत्तम पातळीवर नसतो. सेन्नाही नव्हता. मग सकाळी आठच्या लेक्चरला अर्धवट झोपेत निघालेल्या आपलं काय?

दुसरं एक उदाहरण कमी गौरवाचं. १९८९ मध्ये जपानच्या सुझुकाला सेन्ना आणि प्रोस्टची धडक झाली, सेन्ना बाद ठरवला गेला आणि विजेतेपद प्रोस्टला मिळालं. पुढच्या वर्षी तिथेच, पहिल्याच वळणावर सेन्नाने मागे हटायला नकार दिला आणि प्रचंड वेगात प्रोस्टला धडकला. दोघेही बाहेर, विजेतेपद सेन्नाला. ते मुद्दाम होतं, हे त्याने वर्षभराने कबूल केलं. जगातला सर्वोत्तम ब्रेक मारणारा माणूस त्या दिवशी ब्रेक मारायलाच तयार नव्हता. यावर कुठलंही एबीएस काय करणार?

१९९३ : गाडी चालवतंय कोण?

१९९१ मध्ये त्याने तिसरं विजेतेपद मिळवलं. त्या वर्षी घरच्या मैदानावर, इंटरलागोसला, गिअरबॉक्सने दगा दिला तेव्हा शेवटचे लॅप त्याने सहाव्या गिअरमध्ये काढले आणि रेस जिंकली. पण १९९२ मध्ये चित्र पालटलं. विल्यम्सने अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन आणि ट्रॅक्शन कंट्रोलची अशी गाडी आणली, की नायजेल मॅन्सेलने नऊ रेस जिंकल्या. १९९३च्या विल्यम्समध्ये तर एबीएससुद्धा आलं. ड्रायव्हरने फक्त पेडल ठोकायचं, चाक लॉक होणार नाही याची काळजी गाडी घेणार.

सेन्नाची तक्रार होती ती इथे. त्याचं म्हणणं असं, की ब्रेक लावताना आणि वळणातून बाहेर पडताना ड्रायव्हर-ड्रायव्हरमधला फरक दिसतो. नेमकं तेच यंत्र करणार असेल, तर उत्तम आणि साधारण यांच्यातलं अंतरच मिटतं. गाड्यांची शर्यत होते, माणसांची राहत नाही.

मुद्दा पटतो. पण यात स्वार्थ नव्हता का? होता की! त्याला स्वतःला तीच विल्यम्स हवी होती. त्यासाठी फुकट खेळायचीही तयारी त्याने दाखवली होती. १९९३ला ती जागा प्रोस्टला मिळाली आणि सेन्ना मॅक्लारेनमध्ये, कमी ताकदीचं फोर्ड इंजिन घेऊन राहिला.

मग ११ एप्रिल १९९३ला इंग्लंडमध्ये डॉनिंग्टनला पाऊस आला. सुरुवातीला सेन्ना पाचव्या क्रमांकावर ढकलला गेला आणि एकच लॅप पूर्ण होईपर्यंत शुमाकर, वेंडलिंगर, हिल आणि प्रोस्ट या चौघांना मागे टाकून पहिला झाला! यूट्यूबवर तो लॅप बघा, अंगावर काटा येतो. तरी एक बारीक गोष्ट विसरू नका. त्या मॅक्लारेनमध्येही ट्रॅक्शन कंट्रोल आणि अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन होतं. म्हणूनच स्वतः सेन्ना एस्टोरिलच्या विजयाला डॉनिंग्टनपेक्षा वरचा मानायचा. आपल्या कौतुकात यंत्राचा वाटा किती, हे त्याला नेमकं माहीत होतं. हा प्रामाणिकपणा मला त्या चार ओव्हरटेक्सपेक्षाही आवडतो.

बंदी आणि इमोला

१९९४च्या हंगामासाठी एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन, सगळ्यांवर बंदी आली. सेन्नाला हवं होतं तसं. आणि हवी ती विल्यम्सही मिळाली. पण यंत्रांचा आधार काढून घेतल्यावर ती नवी गाडी फारच लहरी निघाली. पहिल्या दोन रेसमध्ये तो शेवटपर्यंत पोहोचलाच नाही. दुसऱ्या रेसमध्ये पहिल्या वळणावर बाद झाल्यावर तो ट्रॅकजवळ उभा राहून शुमाकरच्या बेनेटनचा आवाज ऐकत राहिला. त्यात अजूनही ट्रॅक्शन कंट्रोल आहे, असा त्याला संशय होता. तो कधी सिद्ध झाला नाही.

तिसरी रेस इटलीत, इमोलाला. शुक्रवारी रुबेन्स बॅरिकेलोचा भीषण अपघात झाला, तो वाचला. शनिवारी ऑस्ट्रियाचा रोलंड रॅट्झनबर्गर गेला. रविवारी, १ मे रोजी, सातव्या लॅपला टांबुरेलो वळणावर सेन्नाची गाडी वळलीच नाही. ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगात ती ट्रॅकबाहेर गेली. गाडीतल्या नोंदी सांगतात, की भिंतीवर आदळेपर्यंतच्या दोनेक सेकंदांत तो वेग साधारण २१० ते २२० वर आला होता. म्हणजे शेवटच्या क्षणीही त्याचा पाय त्याचं काम करत होता. सस्पेन्शनचा तुकडा हेल्मेट भेदून गेला. वय ३४. गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला, जिंकल्यावर तो रॅट्झनबर्गरसाठी फडकवायचा होता.

गाडी का वळली नाही? स्टिअरिंगचा दांडा तुटला, की टायर थंड पडून गाडीचा तळ रस्त्याला घासला, यावर इटलीतल्या कोर्टात वर्षानुवर्षं खटला चालला आणि वाद अजून मिटलेला नाही. त्यामुळे बंदी नसती तर तो वाचला असता, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ब्राझीलने तीन दिवसांचा दुखवटा पाळला. ४१ विजय, ६५ पोल पोझिशन, तीन विश्वविजेतेपदं एवढी त्याची कमाई. बहीण व्हिव्हियानने त्याच वर्षी त्याच्या नावाने संस्था काढली, ती आजही ब्राझीलमधल्या मुलांच्या शिक्षणासाठी काम करते.

मग बरोबर कोण?

दोघंही. कारण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत.

रेसमध्ये प्रश्न असतो, की कोण जास्त चांगला? तिथे चूक दिसलीच पाहिजे. ड्रायव्हरला वळण माहीत असतं, रस्ता माहीत असतं, ब्रेक कुठे मारायचा हे त्याने शंभर वेळा तपासलेलं असतं. अशा ठिकाणी एबीएस कौशल्य झाकतं, म्हणून बंदी. तिथेही सगळीकडे नाही हं. जीटी थ्री प्रकारच्या रेसमध्ये एबीएस चालतं आणि तिथले कसलेले ड्रायव्हर त्याला शिव्या न घालता त्याचं सेटिंग बदलून वेळ वाचवायला शिकतात. कौशल्य संपत नाही, त्याची जागा बदलते.

रस्त्यावरचा प्रश्न वेगळा आहे. समोर अचानक कुत्रा आला, रिक्षा वळली, तर तुम्ही घरी पोहोचणार का? तिथे वळण ठरलेलं नाही, वेळ ठरलेली नाही. डावं चाक चिखलात आणि उजवं डांबरावर, असं झालं की एका पेडलवाला महान ड्रायव्हरही हतबल असतो, प्रत्येक चाक वेगळं बघणारं एबीएस नाही. सेन्नाने १९८९ मध्ये होंडाच्या एनएसएक्स या स्पोर्ट्स कारची चाचणी घेतली आणि तिचा सांगाडा अजून मजबूत करायला लावला. रस्त्यावर धावणारी ती गाडी बाजारात आली ती चारही चाकांच्या एबीएससकट.

एबीएसच्या मर्यादाही खऱ्या आहेत. सुट्या खडीवर किंवा मातीवर त्याने थांबायला जास्त अंतर लागू शकतं, कारण लॉक झालेलं चाक पुढे मातीचा ढीग जमवतं आणि त्याला अडतं. ऑफरोड बाइकवर मागचं एबीएस बंद करायची सोय असते ती म्हणूनच. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या बाइकना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे, पण सिंगल चॅनल असेल तर ते फक्त पुढच्या चाकाला. मागचं चाक अजूनही तुमच्या पायावर आहे. तुमच्या बाइकला कुठलं आहे, हे आज बघून घ्या.

आणि हात साफ आहे म्हणणाऱ्या मित्राला एवढंच विचारा, की पावसात रिकाम्या मैदानावर जाऊन त्याने किती वेळा ब्रेकचा सराव केलाय? सेन्नाने आधी तो केला आणि मग यंत्रांना नावं ठेवली. एबीएस असलेली बाइक घेऊनसुद्धा हा सराव करता येतो. हेल्मेट घाला, वेग कमी ठेवा, लिव्हरची थरथर सुरू झाली की घाबरून हात सोडू नका. पहिला पाऊस पडला की रस्ता सगळ्यात निसरडा असतो. त्याच्या आधी करा.